पहिला हेजहॉग कोठून घ्यावा?

हेजहॉग, म्हणजे पाठीवर काटे असलेला छोटा प्राणी, पाळायचे ठरले की बहुतेक जण पिंजरा कोणता घ्यावा, खायला काय द्यावे, नाव काय ठेवावे या विचारात गुंततात आणि प्राणी मात्र जेथे सर्वांत आधी दिसेल तेथून उचलून आणतात. क्रम उलटा हवा. या प्राण्याचे आयुष्य साधारणपणे ४ ते ६ वर्षांचे असते आणि ती वर्षे कशी जाणार यातला मोठा भाग तो तुमच्या घरी येण्याआधीच ठरून गेलेला असतो. त्याचे आईवडील कसे होते, आईपासून त्याला कितव्या आठवड्यात तोडले, लहानपणी त्याला माणसाच्या हाताची सवय लावली होती की नाही, या गोष्टी पिल्लाकडे नुसते पाहून कळत नाहीत. त्या विकणाऱ्यालाच ठाऊक असतात. म्हणून हेजहॉग पसंत करण्याआधी त्याचा विक्रेता पारखावा, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवातीला एक खुलासा करतो. हेजहॉग म्हणजे साळिंदर नव्हे. साळिंदर हा कुरतडणारा, आकाराने कितीतरी मोठा प्राणी आहे, तर हेजहॉगचे नाते चिचुंद्रीशी जवळचे आहे. घरात पाळला जातो तो मुख्यतः आफ्रिकी बुटका हेजहॉग. पूर्ण वाढल्यावर त्याचे वजन बहुधा ३०० ते ६०० ग्रॅम भरते. युरोपातला किंवा अन्य कोठलाही रानातला हेजहॉग पाळण्यासाठी नसतो. कोणी रानातून पकडलेला हेजहॉग विकत असेल, तर त्याच्याशी पुढचे बोलणेच करू नये.

पहिली पायरी: कायदा आणि पशुवैद्य

हेजहॉग पाळण्याचे नियम सगळीकडे सारखे नाहीत, आणि एकाच देशातही ते बदलतात. अमेरिकेत अनेक राज्यांमध्ये तो पाळता येतो, पण कॅलिफोर्निया आणि हवाई या राज्यांत पाळता येत नाही. काही ठिकाणी पाळणाऱ्याला परवाना लागतो, काही ठिकाणी फक्त विकणाऱ्याला लागतो. आपल्या भागातला नियम वन्यजीव किंवा पशुसंवर्धन खात्याकडून स्वतः विचारून घ्यावा. विक्रेत्याने ‘काही अडचण येत नाही’ असे सांगितले म्हणून भागत नाही, कारण अडचण आलीच तर प्राणी जप्त होतो तो तुमच्या घरातून. घर भाड्याचे असेल तर घरमालकाची परवानगीही याच वेळी घ्यावी.

त्यानंतर पशुवैद्य शोधावा. कुत्र्यामांजरांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हेजहॉगचा अनुभव असतोच असे नाही. घट्ट मिटलेल्या हेजहॉगची नीट तपासणी करायची तर पुष्कळदा त्याला हलकी भूल द्यावी लागते, आणि ते सरावाचे काम आहे. असा डॉक्टर सापडला की त्यालाच विचारावे, ‘तुमच्याकडे येणारे धडधाकट हेजहॉग कोठून घेतलेले असतात?’ कोणाच्या पिल्लांना वारंवार गोचिडीसारख्या बारीक किडींचा त्रास असतो आणि कोणाची पिल्ले फक्त नेहमीच्या तपासणीला येतात, हे त्याने जवळून पाहिलेले असते.

दुसरी पायरी: पर्याय समोर मांडावेत

पहिला हेजहॉग घेणाऱ्यासाठी सर्वांत चांगला पर्याय म्हणजे मोजकीच पैदास करणारा, नोंदी ठेवणारा आणि जन्मापासून पिल्ले हाताळणारा पैदासकार, म्हणजे ब्रीडर. तो विक्री झाल्यावरही फोन उचलतो, आणि नवख्या माणसाला याची किंमत पहिल्याच आठवड्यात कळते. मात्र ‘ब्रीडर’ ही कोणीही स्वतःला लावून घ्यावी अशी पाटी आहे, त्यामुळे पारख करावीच लागते. ती कशी करायची ते पुढे सांगितले आहे.

दुसरा पर्याय म्हणजे सांभाळ करणाऱ्या संस्थेकडून किंवा आधीच्या मालकाकडून मोठा हेजहॉग घेणे. याकडे लोक उगाच पाठ फिरवतात. प्रौढ हेजहॉगचा स्वभाव घडून स्थिर झालेला असतो, काटे बदलण्याचा चिडचिडा काळ संपलेला असतो आणि तो हातात घेतल्यावर कसा वागतो हे त्याच दिवशी दिसते. उणीव एवढीच की त्याची वंशावळ बहुधा माहीत नसते आणि पुढे मिळणारी वर्षे कमी असतात. तीन वर्षांनंतर हेजहॉगमध्ये गाठींचे, कर्करोगाचे प्रमाण बरेच वाढते. याची तयारी असेल तर हा पर्याय मनापासून सुचवावासा वाटतो.

पाळीव प्राण्यांच्या दुकानातून घेताना सावध राहावे. सगळीच दुकाने वाईट नसतात, पण दुकानदाराला पिल्लाचे आईवडील क्वचितच ठाऊक असतात, आणि बऱ्याचदा नर-माद्या एकाच पिंजऱ्यात ठेवलेल्या आढळतात. हेजहॉगची मादी दोन-अडीच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते. इतक्या कोवळ्या वयातले बाळंतपण तिच्या जिवावर बेतू शकते, आणि त्याची जबाबदारी पहिल्यांदाच हेजहॉग पाळणाऱ्या माणसावर येऊन पडते. दुकानातूनच घ्यायचा असेल तर नर आणि माद्या केव्हापासून वेगळ्या ठेवल्या आहेत आणि पिल्ले कोणत्या पैदासकाराकडून आली, या दोन गोष्टींचे स्पष्ट उत्तर घ्यावे. उत्तर मिळाले नाही तर बाहेर पडावे.

फक्त छायाचित्र दाखवून, आगाऊ पैसे घेऊन प्राणी पाठवून देणाऱ्या जाहिरातींविषयी माझे म्हणणे थोडक्यात आहे. पहिला हेजहॉग असा मागवू नये.

तिसरी पायरी: भेटीआधीचे प्रश्न

फोनवर किंवा पत्राने आधी बोलावे. पिल्लाची जन्मतारीख विचारावी. चांगल्या पैदासकाराला ती तोंडपाठ असते किंवा तो वही उघडून सांगतो. पिल्ले चार ते सहा आठवड्यांत दूध सोडतात, पण त्यांना त्यानंतरही थोडे दिवस राहू देऊन सहा ते आठ आठवड्यांनंतर नव्या घरी धाडणे योग्य ठरते. ‘अगदी लहान घ्या म्हणजे लवकर माणसाळेल’ असा सल्ला देणाऱ्यापासून दूर राहावे.

यापुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि विचारताना संकोच करू नये: ‘या घराण्यात कोणाला तोल जाण्याचा आजार झाला होता का?’ हेजहॉगमध्ये मेंदू आणि मज्जारज्जू हळूहळू झिजवणारा एक आजार आढळतो. पाळीव आफ्रिकी हेजहॉगपैकी सुमारे १० टक्क्यांना तो होतो असे पशुवैद्यकात मानले जाते. बहुधा दोन वर्षांच्या आतबाहेर तो सुरू होतो. आधी प्राण्याला अंगाचे मुटकुळे पुरते मिटता येत नाही, मग मागचे पाय लटपटू लागतात आणि काही महिन्यांत तो जागचा हलेनासा होतो. यावर इलाज नाही. खात्रीचे निदानही मृत्यूनंतरच्या तपासणीतच होते. आजार आनुवंशिक असावा असा दाट संशय आहे, म्हणूनच वंशावळीच्या नोंदींना एवढे महत्त्व आहे. अमेरिकेत आफ्रिकेतून होणारी हेजहॉगची आयात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबली. तेथील आजचे पाळीव हेजहॉग त्याआधी आलेल्यांचेच वंशज आहेत, आणि जेथे मूळ कळप असा मर्यादित असतो तेथे नात्यातल्या नात्यात पैदास होण्याचा धोका कायम राहतो.

या प्रश्नाचे ‘आमच्याकडे कधीच काही झाले नाही’ हे उत्तर ऐकायला गोड लागते, पण त्यापुढे विचारावे की आजीआजोबा किती वर्षे जगले आणि कशाने गेले. ज्याने विकलेल्या पिल्लांची पुढे चौकशी ठेवली आहे, त्याच्याकडे एखादी वाईट बातमीही असतेच. ती तो लपवत नाही, आणि त्यानंतर त्या जोडीची पैदास थांबवल्याचे सांगतो. माझ्या मते असा माणूस निष्कलंक इतिहास सांगणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासाचा असतो.

आणखी एक खूण आहे. चांगला विक्रेता तुम्हालाच प्रश्न विचारतो. खोलीचे तापमान किती राहते, प्राण्याला पळण्यासाठी चाक कोणते घेतले, घरात पाच वर्षांखालचे मूल आहे का, तुम्ही गावाला गेलात तर प्राण्याकडे कोण पाहणार. या चौकशीचा राग मानू नये. हेजहॉगला साधारण २४ ते २९ अंश सेल्सिअस तापमान मानवते. खोली फार गार झाली तर तो शीतनिद्रेत जाऊ पाहतो, आणि घरातल्या हेजहॉगला ती निद्रा प्राणघातक ठरू शकते. लहान मुलांचा प्रश्न साल्मोनेला या पोटाचा आजार घडवणाऱ्या जंतूंमुळे येतो. वरून निरोगी दिसणाऱ्या हेजहॉगच्या विष्ठेतही हे जंतू असू शकतात. ज्याला या गोष्टींची फिकीर नाही, त्याने पिल्लाचीही तेवढीच काळजी घेतली असणार.

चौथी पायरी: प्रत्यक्ष भेट

भेट संध्याकाळची ठरवावी. हेजहॉग निशाचर आहे, आणि भर दुपारी झोपेतून उठवलेल्या पिल्लावरून त्याचा स्वभाव ठरवणे अन्यायाचे होईल. दारातून आत शिरताच वासाकडे लक्ष द्यावे. थोडा वास असणारच, पण डोळे चुरचुरतील असा उग्र दर्प येत असेल तर पिंजरे वेळेवर साफ होत नाहीत. प्रत्येक प्रौढ प्राणी वेगळ्या पिंजऱ्यात आहे का, पाणी स्वच्छ आहे का, चाक आहे का आणि त्याचा पृष्ठभाग सलग आहे का, ते पाहावे. गजांच्या चाकात पाय अडकून मोडतो.

आईला पाहू द्यावे, अशी विनंती करावी. मात्र तिची पिल्ले अगदी नवजात असतील आणि पैदासकाराने नकार दिला, तर त्याचे म्हणणे बरोबर आहे. बाळंतिणीला त्या दिवसांत कोणी बिचकवले, तर ती स्वतःची पिल्ले मारू शकते, खाऊही शकते. तुम्ही घेणार ते पिल्लू दूध सुटलेले असेल, तर तिला दाखवण्यात अडचण नसावी. तिचा स्वभाव शांत असेल तर ती चांगली खूण मानावी.

मग पिल्लू हातात घ्यावे. दोन्ही तळवे जोडून, खालून. आधी तळव्यात फक्त काट्यांचा गोळा असतो, तो फुसफुसतो आणि मधूनच उसळतो. तो चावणार नाही, घाबरलेला आहे. हात हलवू नये, बोलू नये, वाट पाहावी. थोड्या वेळाने गोळ्याला एक फट पडते, तिच्यातून ओलसर काळे नाक बाहेर येते आणि हवेत सारखे हलू लागते. मग कपाळावर ओढलेली काट्यांची झालर हळूहळू मागे सरते, डोळे दिसतात, आणि पोटाची ऊब तळव्याला लागते. हे दोन-चार मिनिटांत झाले तर उत्तम, दहा मिनिटे लागली तरी चालेल. पंधरा-वीस मिनिटांनंतरही पिल्लू घट्ट मिटून उसळत राहिले, तर त्याला माणसाच्या हाताची सवय लागलेली नाही. उलट जो हेजहॉग अजिबात मिटतच नाही, मरगळून पडून राहतो, त्याला माणसाळलेला समजण्याची चूक करू नये. तो बहुधा आजारी असतो. कधी पिल्लू तुमच्या हाताचा नवा वास चाटून तोंडाला फेस आणते आणि मान वाकडी करून तो फेस पाठीवरच्या काट्यांना फासते. हे पाहून लोक दचकतात, पण हेजहॉगचे हे अगदी स्वाभाविक वागणे आहे.

पिल्लू उघडले की पारख करावी. डोळे टपोरे आणि स्वच्छ असावेत, नाकातून शेंबूड वाहू नये, कानांच्या कडा फाटलेल्या किंवा खपल्या धरलेल्या नसाव्यात, नखे पायाखाली वळलेली नसावीत. जमिनीवर सोडल्यावर त्याने पोट उचलून, न लडखडता चालावे. पिंजऱ्यातली विष्ठा तपकिरी आणि घट्ट असावी. हिरवी किंवा पातळ असेल तर कारण विचारावे.

काट्यांबाबत एक बारकावा सांगतो, कारण येथेच नवख्याची फसवणूक होते. सहा ते आठ आठवड्यांपासून पुढे काही महिने पिल्लांचे बाळकाटे गळून जाड काटे येतात. त्यामुळे काटे गळलेले दिसले की ‘हे साहजिकच आहे’ असे विक्रेता म्हणतो, आणि ते खरेही असू शकते. फरक त्वचेवर पाहावा. नैसर्गिक गळतीत टक्कल पडत नाही, जुन्या काट्यांच्या मधून नव्या काट्यांची टोके वर येताना दिसतात. किडींचा त्रास असेल तर काट्यांच्या बुडाशी पांढरा कोंडा साचतो, जागोजागी मोकळी कातडी दिसते आणि पिल्लू सारखे खाजवते. तसे दिसले तर ते पिल्लू घेऊ नये, आणि त्याच खोलीतले दुसरेही घेऊ नये.

भेट संपल्यावर हात साबणाने धुवावेत. त्याच दिवशी दुसऱ्या विक्रेत्याकडे जायचे असेल तर कपडेही बदलावेत, म्हणजे एकाकडच्या किडी दुसऱ्याकडे जाणार नाहीत.

पाचवी पायरी: कागद आणि घरी नेणे

जन्मतारीख, लिंग, आईवडिलांची नोंद आणि प्राणी आजारी निघाल्यास किती दिवसांत परत घेणार, हे लेखी घ्यावे. पुढे तुम्हाला सांभाळणे जमले नाही तर प्राणी परत घेण्याची अट जो स्वतःहून घालतो, तो विक्रेता चांगला. लिंगाची खात्री जागेवरच करून घ्यावी. नराचे इंद्रिय पोटाच्या मध्यावर, बेंबीसारखे दिसते, तर मादीचे गुदद्वाराला लागून असते. पिल्लू सध्या जे खाते आहे, तेच खाणे आठवडाभर पुरेल इतके मागून घ्यावे, कारण जागा आणि जेवण एकदम बदलले की त्याचे पोट बिघडते. आईच्या पिंजऱ्यातला कापडाचा एखादा तुकडाही मागावा. तो प्रवासाच्या खोक्यात घातला की पिल्लू त्याच्याखाली शिरून झोपते. पशुवैद्याकडची पहिली तपासणी परत घेण्याची मुदत संपण्याआधीच्या दिवसाची ठरवावी, आणि तिची वेळ पिल्लू आणण्यापूर्वीच घेऊन ठेवावी.