मेंदूच्या आजारांतील संकेतवाहक प्रथिने : शोधनिबंध वाचताना काय तपासावे

अल्झायमर किंवा पार्किन्सनवरील शोधनिबंधात एखाद्या प्रथिनाचे नाव आले, की ते वाढले की घटले हे आपण आधी शोधतो. पेशींमध्ये निरोप पोहोचवणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. पेशीपटलावरील ग्राही बाहेरचा निरोप टिपते, आतल्या प्रथिनांना एकामागून एक कार्यरत करते आणि ही साखळी अनेकदा केंद्रकातील जनुकांपर्यंत जाते. या साखळीत कायनेज नावाची विकरे (एन्झाइम) प्रथिनांना फॉस्फेट जोडतात व फॉस्फेटेज विकरे ते काढून टाकतात; त्यामुळे प्रथिनाची क्रिया चालू किंवा बंद होऊ शकते. या उलटसुलट चालणाऱ्या क्रियेच्या शोधासाठी एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणून प्रथम हे पाहावे, की संशोधकांनी प्रथिनाचे प्रमाण मोजले आहे की त्याची क्रियाशीलता. पार्किन्सनशी निगडित एलआरआरके-२ या कायनेजच्या एका उत्परिवर्तनात (जनुकातील बदलात) २०१९ व्या स्थानी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन येते. त्याने बिघाड होतो तो कायनेजची क्रिया वाढल्यामुळे, आणि नुसते प्रमाण मोजणाऱ्याला तो दिसणारच नाही. नमुना मृत व्यक्तीच्या मेंदूचा असेल, तर मृत्यूनंतर किती वेळाने ऊती गोठवली हेही शोधावे, कारण अनेक प्रथिनांवरील फॉस्फेट त्या अवधीत झपाट्याने निघून जाते. रुग्णांचे आणि निरोगी व्यक्तींचे नमुने या बाबतीत सारखे नसतील, तर दिसणारा फरक आजाराचाच आहे असे मानता येत नाही.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो : प्रथिनातील हा बदल आजाराचे कारण आहे की परिणाम? याचे चांगले उत्तर आनुवंशिकतेतून मिळते. ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजारात टीएससी-१ किंवा टीएससी-२ जनुकात दोष असतो. या जनुकांपासून बनणारी प्रथिने एमटॉर या कायनेजला लगाम घालतात. लगाम सुटला की पेशी अवाजवी वाढतात, मेंदूत गाठी होतात आणि बहुतेक रुग्णांना अपस्माराचे झटके येतात. एमटॉरला रोखणाऱ्या एव्हरोलिमस या औषधाने अशा काही गाठी आकुंचित होतात आणि अनेक रुग्णांचे झटकेही कमी होतात. जनुक, प्रथिन, लक्षण आणि औषध हे चारही दुवे इथे जुळतात. आता चेतापेशींतील टाऊ या प्रथिनाचे पाहावे. अल्झायमरमध्ये त्यावर फॉस्फेटचा अतिरेक होतो आणि जीएसके-३ हे कायनेज ते फॉस्फेट जोडू शकते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. तरीही त्या कायनेजला रोखणाऱ्या टायडग्लुसिब या औषधाने अल्झायमरच्या रुग्णांवरील चाचणीत अपेक्षित लाभ दिला नाही. एखादे विकर काही करू शकते एवढ्यावरून रुग्णाच्या मेंदूत आजार त्यामुळेच होतो, हे सिद्ध होत नाही.

मोजमाप कोणत्या पेशीत झाले, हेही विचारावे. ट्रेम-२ हे ग्राही मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींवर असते आणि त्याच्या काही दुर्मीळ रूपांमुळे अल्झायमरचा धोका वाढतो, हे २०१३ मध्ये पुढे आले. संपूर्ण ऊती एकत्र वाटून मोजणी केल्यास चेतापेशींतील प्रथिन ‘घटलेले’ दिसते, पण कदाचित त्या पेशीच मेलेल्या असतात.

उपचाराचा दावा असेल, तर ते प्रथिन शरीरात आणखी कुठे काम करते ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. चेतावृद्धी घटक या प्रथिनाच्या शोधाशी जोडलेल्या रिटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी यांना, स्टॅनली कोहेन यांच्यासह, १९८६ चे नोबेल मिळाले. हे प्रथिन रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही, म्हणून अल्झायमरच्या काही मोजक्या रुग्णांना ते थेट मेंदूच्या पोकळीत देण्यात आले, तेव्हा पाठदुखी सुरू झाली. कारण वेदना वाहून नेणाऱ्या चेतांनाही तेच प्रथिन संवेदनशील करते. एलआरआरके-२ रोखणाऱ्या संयुगांनी माकडांच्या फुफ्फुसांतील पेशींत बदल घडवल्याचे दिसले आहे. त्यामुळे या संयुगांविषयीच्या निबंधात मेंदूच्या निष्कर्षांइतक्याच काळजीने फुफ्फुसांच्या तपासण्यांचे तक्ते वाचावेत.