आडवाटेच्या गावात मुक्काम करायचा तर

गावात दुपारी तीनच्या आत पोचा. अंधारात आलेल्या अनोळखी माणसाला दार उघडायला कुणीही बिचकतं, आणि सोय झाली नाही तर परत फिरायला उजेड उरत नाही. आधी गावातल्या जाणत्या माणसाला भेटा. तंबू विचारूनच ठोका. मोकळी दिसणारी जागा बहुधा कुणाची तरी असते, कधी स्मशानाचीही.

"हाच रस्ता ना?" असं कधीच विचारू नका. पाहुण्याला नाही म्हणायचा संकोच म्हणून पुष्कळदा 'हो' येतं. "अमुक गावाला कुठून जायचं?" असं दोघांना वेगवेगळं विचारा. अंतर तासांत विचारा आणि त्यात निम्मी भर घाला, कारण ते तास पाठीवर ओझं नसलेल्या सवयीच्या पायांचे असतात.

पाणी गढूळ असेल तर फडक्यातून गाळा, मग खळखळून १ मिनिट उकळा. २००० मीटरच्या वर ३ मिनिटं, कारण तिथं ते कमी तापमानालाच उकळतं. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून ३००० मीटरपुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकेदुखीबरोबर मळमळ सुरू झाली की चढणं थांबवा. चालताना झोक जायला लागला तर सकाळची वाट न बघता, सोबत घेऊन, लगेच खाली उतरा.