नवीन ड्रिंकच्या लाँचवर लागलाय? पहिल्या महिन्याच्या आकड्यांवर नाचू नका

एमबीए करून सेल्स ट्रेनी म्हणून लागलो, पहिल्याच उन्हाळ्यात कंपनीने निळसर रंगाचं एक ड्रिंक काढलं आणि माझ्या एरियात महिन्याभरात इतके क्रेट गेले की मी घरी फोन लावून सांगितलं, आई जमलं! जुलैत तेच क्रेट स्टॉकिस्टच्या, म्हणजे कंपनीचा माल घेऊन दुकानांना पुरवणाऱ्याच्या, गोडाऊनमध्ये मोजत मीच बसलो होतो.

कंपनीकडून स्टॉकिस्टकडे गेला माल ती प्रायमरी, स्टॉकिस्टकडून दुकानात गेला ती सेकंडरी, हे तुम्हाला शिकवायची गरज नाही. पण नवीन माल स्कीमच्या (सूट, फुकट बाटल्या वगैरे) जोरावर आधी स्टॉकिस्टकडे आणि मग दुकानात भरला जातो, म्हणजे बाटलीने नुसती जागा बदललेली असते, प्यायलं कोणीच नाही. मग पोरं रंग बघून पहिली बाटली घेतात. मी तर तीही विक्री धरत नाही आता. तोच पोरगा परत येऊन "काका, ती निळी द्या" म्हणाला तर ती विक्री. आणि मी एका दुकानदाराला एकदाही विचारलं नाही की परत कोण आलं का. एकदाही नाही!

क्रिस्टल पेप्सीचं हेच झालं. 1992 ला अमेरिकेत काही शहरांत टेस्ट, 1993 ला देशभर, सुपर बोलमध्ये जाहिरात. पाण्यासारखा पारदर्शक कोला, कॅफिन नाही. लोकांनी उत्सुकतेने घेतला, पण नावात पेप्सी असल्यामुळे जीभ पेप्सीची वाट बघत होती आणि चव निघाली वेगळीच. पेप्सी बाटल्यांत भरून विकणाऱ्या बॉटलर लोकांनी हे ड्रिंक काढणाऱ्या पेप्सीच्या डेव्हिड नोव्हाकला आधीच सांगितलेलं की चव पेप्सीच्या अजून जवळ हवी, त्याने ऐकलं नाही, नंतर स्वतःच कबूल केलं. वरून कोकने टॅब क्लिअर नावाचं तसंच पारदर्शक ड्रिंक आणलं, आणि कोकचा तेव्हाचा मार्केटिंग प्रमुख सर्जिओ झिमन नंतर म्हणाला की ते मुद्दाम क्रिस्टल पेप्सीला घेऊन बुडायलाच काढलं होतं. पेप्सीने लवकरच गाशा गुंडाळला. आपल्याकडे 2003 च्या वर्ल्ड कपची पेप्सी ब्ल्यू आठवते? किती जणांनी दुसरी बाटली घेतली होती?

घाबरू नका, नोकरी जात नाही. नोव्हाक पुढे केएफसी, पिझ्झा हटवाल्या यम ब्रँड्सचा प्रमुख झाला. मला फक्त शिव्या पडल्या.

ते "ग्रोथ मेंटॉर" लोकांचे कोर्स घेऊ नका, पैसे वाया. टेम्पोवरच्या सेल्समनशी दोस्ती करा, त्याला सगळं आधी कळतं. तिसऱ्या आठवड्यात दहा दुकानं फिरा, तुमची बाटली फ्रीजच्या डोळ्यासमोरच्या कप्प्यातून खाली गेली का बघा. दुकानदाराला चहा तुम्ही पाजा, आणि स्कीमचा विषय काढू नका, नाहीतर तो तुम्हाला ऐकायचंय तेच सांगेल.