आयशॅडो लावायला शिकताय? आधी या चुका टाळा

मावसबहिणीच्या हळदीला मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने आयशॅडो लावली. विटकरी रंग, तोही भरपूर. मांडवात शिरले तशी मोठ्या मामीनं मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "काय गं, रडलीस व्हय? डोळं लाल झाल्यात." तिला खरंच काळजी वाटली होती. रंगात काही वाईट नव्हतं. पापणीच्या कडेपासून थेट भुवईपर्यंत मी तो एकसारखा फासला होता, तिथे सगळं बिघडलं. आज शेजारपाजारच्या मुलींना शिकवताना नव्वद टक्के वेळा हीच चूक दिसते.

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील तर गोलाचं शेडिंग आठवा. पेन्सिल आधी हलकी फिरवायची, मग जिथे सावली हवी तिथेच हात पुन्हा पुन्हा न्यायचा. एकदम गडद केलं की खोडरबरानेही डाग जात नाही. डोळ्याचंही तसंच आहे. आधी आपल्या त्वचेपेक्षा एक-दोन छटा गडद असा मॅट, म्हणजे चमक नसलेला, तपकिरी रंग घ्या आणि पापणीच्या घडीत, म्हणजे क्रीजमध्ये, मऊ फुगीर ब्रशने इकडून तिकडे फिरवा. ब्रश पॅलेटमध्ये, म्हणजे रंगांच्या डबीत, घासू नका, नुसता टेकवा आणि जास्तीची पावडर झटकून टाका. ब्रश दांडीच्या टोकाकडे धरला की हाताचा दाब आपोआप कमी होतो. गडद रंग सगळ्यात शेवटी आणि फक्त बाहेरच्या कोपऱ्यात. भुवईखालची जागा मोकळी ठेवा, डोळा तिथे श्वास घेतो.

पॅलेटसोबत येणाऱ्या छोट्या स्पंजच्या काडीवर सगळं काम उरकू नका. ती रंग थापायला ठीक आहे, कडा विरघळवायला नाही. नवशिक्या मुलीला चाळीस रंगांच्या पॅलेटपेक्षा एक चांगला फुगीर ब्रश आणि चार तपकिरी छटा जास्त कामाच्या, असं माझं ठाम मत आहे. कोल्हापुरात महाद्वार रोडला खरेदीला गेलात तर पैसे ब्रशवर घाला.

दोन तासांत घडीत रेघ पडते?

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरचा पाऊस लागला की ही तक्रार हमखास येते. हवेत दमटपणा, पापणीवर घाम आणि तेल, त्यात सकाळी लावलेलं मॉइश्चरायझर. मग पावडर सरकून घडीत गोळा होते. पापणी कोरडी टिपून घ्या, त्यावर प्राइमर (रंग धरून ठेवणारं क्रीम) किंवा कन्सीलरचा (डाग झाकणारं क्रीम) अगदी पातळ थर बोटाने थोपटा आणि वर चिमूटभर पावडर फिरवा. कन्सीलर ओला असतानाच रंग लावला तर तो तिथेच चिकटून बसतो, कितीही ब्लेंड केलं तरी ठिपके राहतात.

आपल्याकडे पुष्कळ जणींच्या पापण्या काळसर असतात, त्यामुळे फिकट गुलाबी किंवा थंड राखाडी छटा त्यांवर राखेसारख्या दिसतात. अशा वेळी काळसरपणा झाकणारा पीच रंगाचा करेक्टर आधी लावा, किंवा सरळ तांबूस, मधाळ, कांस्य छटांकडे वळा. नऊवारी आणि कोल्हापुरी साजाबरोबर या छटा फार देखण्या दिसतात.

शिमर, म्हणजे चमकीचा रंग, ब्रशने लावल्यावर चमक दिसत नाही, गालावर मात्र सांडते. तो बोटाच्या टोकाने पापणीच्या मध्यावर दाबून लावा. फाउंडेशन डोळ्यांनंतर करा. सांडलंच तर चोळू नका, कोरड्या मऊ ब्रशने झटका.

सगळं गढूळ झालं तर

आणखी रंग घालू नका. बहुतेकजणी इथेच फसतात. स्वच्छ ब्रश घ्या आणि नुसत्या कडांवरून फिरवा. बाहेरची रेघ वाकडी गेली असेल तर कानकाडीला किंचित कन्सीलर लावून ती पुसून घ्या. आणि डोळा मिटून तपासू नका. आरशात सरळ समोर बघत, डोळे उघडे ठेवून बघा. ज्यांची पापणी वरून झाकलेली असते त्यांचा रंग डोळे उघडताच गायब होतो. त्यांनी तो घडीच्या थोडा वर न्यावा. ट्यूबलाइटखाली बेताचा वाटणारा रंग उन्हात भडक निघू शकतो, म्हणून घराबाहेर पडायच्या आधी एकदा खिडकीपाशी जा.

एका गोष्टीबाबत मी कुणाचंच ऐकत नाही: लग्नघरात एकच ब्रश पाच जणींच्या डोळ्यांवरून फिरवायचा नाही. कुणाचे डोळे आले असतील तर तेवढ्याने सगळ्यांना लागण होऊ शकते. डोळे लाल किंवा चिकट असताना मेकअप बंद, आणि तेव्हा वापरलेला मस्कारा टाकून द्यायचा. ब्रश सौम्य शाम्पूने धुवून आडवे वाळवा. उभे ठेवले तर पाणी दांडीत उतरतं आणि केस सुटतात. डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र असतं, त्यातल्या १२ किंवा २४ या आकड्याचा अर्थ उघडल्यापासून तितके महिने. डबी उघडाल त्या दिवशीच मागे तारीख लिहून ठेवा.