शून्यातून गाडी बांधताय? या चुका टाळा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या भाड्याच्या अर्ध्या गाळ्यात मी विजेवर चालणारी, एका माणसापुरती चारचाकी बग्गी बांधायला घेतली, तेव्हा आधी चॅसी आणि मग बाकीचे सारे, असा सोपा हिशेब मनात होता. पहिली चूक तीच. सीट, स्टिअरिंग, बॅटरी आणि चाके यांच्या जागा ठरल्यावर त्यांना बांधून ठेवणारा सांगाडा म्हणजे चॅसी. म्हणून जमिनीवर खडूने पूर्ण मापाचा आराखडा काढून, त्यात स्वतः बसून, पाय ब्रेकपर्यंत पोहोचतो का हे पाहिल्याखेरीज पाइप कापू नये. स्वस्त मिळतो म्हणून जस्ताचा थर दिलेला जीआय पाइपही घेऊ नये, कारण वेल्डिंग करताना त्यावरील जस्ताचा धूर होतो आणि त्याने ताप भरतो.

मला सर्वांत महागात पडली ती वेल्डिंगची घाई. वेल्ड थंड होताना आकसते आणि पाइप आपल्याकडे खेचते. त्यामुळे आधी सर्व सांध्यांना केवळ टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारावेत, चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत आणि मग समोरासमोरच्या सांध्यांवर आलटूनपालटून थोडे थोडे वेल्डिंग करावे. मी एक बाजू सलग उरकली आणि कर्णांत 14 मिलिमीटरचा फरक पडला. तो दिसत असूनही पंधरा दिवस मी वॉशर घालघालून मागचा ॲक्सल सरळ करण्याचा खटाटोप करत राहिलो, कारण शेजारच्या गाळ्यातील वेल्डरकाकांना चूक दाखवण्याची लाज वाटत होती. अखेर बोलावले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "टाके मारल्यावर कर्ण मोजला होतास का?" चार सांधे कापून पुन्हा जोडायला एक दिवस पुरला. तेव्हापासून चुकलेली मापेसुद्धा मी तारखेनिशी वहीत लिहितो, आणि नोकरीत महिनाअखेरच्या ताळेबंदातली माझी चूक साहेबांनी विचारण्याआधी त्यांना सांगण्याचे धैर्यही, मला वाटते, त्या वहीतूनच आले.

चाके केवळ वळणावर घासत असतील तर पुढची चाके वळवणारे दांडे, म्हणजे स्टिअरिंग आर्म, तपासावेत: किंगपिनपासून (ज्या खिळीभोवती चाक वळते) टाय रॉडच्या (दोन्ही आर्म जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकातून मागे वाढवलेल्या दोन्ही रेषा साधारणपणे मागच्या ॲक्सलच्या मध्याशी मिळायला हव्यात. सरळ जातानाही घासत असतील, तर दोष टोमध्ये, म्हणजे चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्यात, असण्याचा संभव अधिक. थ्रॉटल देताच गाडी गचके खात असेल, तर कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणारा डबा) बदलण्याआधी भाराखाली बॅटरीचे व्होल्टेज मोजावे; ते एकदम कोसळत असल्यास सैल क्रिंप (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला जोड), बारीक वायर किंवा कमजोर सेल शोधावा. चॅसीवर पुन्हा वेल्डिंग करायचे असेल तेव्हा बॅटरी आणि कंट्रोलर आधी सोडवावेत. ठाण्याच्या पावसाळ्यात उघडे लोखंड पाहता पाहता गंजते, म्हणून प्रायमर त्याच दिवशी लावावा.

गाडी चालू लागली की ती घोडबंदर रोडवर काढण्याचा मोह होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती 0.25 किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि अधिकृत चाचणी संस्थेने तशी खातरजमा केलेली असेल, तरच बॅटरीवरचे वाहन मोटार वाहन मानले जात नाही. इतर वाहनांना मान्यता आणि नोंदणी लागते. माझी बग्गी म्हणूनच टेम्पोत चढून मित्राच्या कुंपण घातलेल्या जागेवर जाते, आणि टेम्पोवाला दर खेपेला विचारतो, "गाडी चालते ना? मग टेम्पो कशाला?"