शिफ्ट लेन्स घेण्यापूर्वी अंतर मोजावे

इमारतींची छायाचित्रे फिल्मवर काढू लागलो तेव्हा माझ्याकडे निकॉन एफएम२ आणि साधी ३५ मि.मी. लेन्स होती. मुंबईच्या ओव्हल मैदानातून राजाबाई टॉवर फ्रेममध्ये बसवायचा तर कॅमेरा वर उचलावा लागे, आणि तसे केले की मनोऱ्याच्या उभ्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकत व सगळा मनोरा मागे कलल्यासारखा दिसे. शिफ्ट लेन्स असली की कॅमेरा ओळंब्यात ठेवून फक्त लेन्स वर सरकवता येते आणि कडा सरळ राहतात. स्कॅन केल्यावर संगणकात कडा सरळ करता येतात हे खरे, पण त्या ताणाताणीत फ्रेमच्या वरच्या भागातला ग्रेन (फिल्मचे कण) फुगतो आणि बाजू कापल्या जातात. म्हणून फिल्मवर काम करणाऱ्याने हे लेन्सनेच साधावे, असे माझे ठाम मत आहे.

कोणती फोकल लांबी (लेन्सवरचा मि.मी.चा आकडा) घ्यावी हे मला मैदानात पावलांनी अंतर मोजल्यावर उमगले. कॅमेरा उभा धरला की फिल्मवरच्या फ्रेमच्या मध्यापासून कडेपर्यंत १८ मि.मी. मिळतात, निकॉनच्या जुन्या शिफ्ट लेन्सची, म्हणजे पीसी-निक्कोरची, ११ मि.मी. शिफ्ट त्यात मिळवली की २९ होतात. या २९ ला फोकल लांबीने भागून इमारतीपर्यंतच्या अंतराने गुणले, की कॅमेऱ्याच्या पातळीच्या वर किती उंची मावेल ते कळते. टॉवर सुमारे ८५ मीटर उंच आहे. साध्या ३५ मि.मी.ने कॅमेरा न उचलता तो पूर्ण घ्यायला १६० मीटरहून अधिक मागे जावे लागते, ३५ मि.मी. शिफ्टने सुमारे १०० मीटर आणि २८ मि.मी. शिफ्टने सुमारे ८० मीटर पुरतात. मोकळ्या जागेत यातली कोणतीही चालेल. फोर्टच्या गल्ल्यांत मात्र हिशेब बदलतो, कारण १२ मीटर अंतरावरून २८ मि.मी.मध्ये जेमतेम १४ मीटर उंची मावते आणि चौथ्या मजल्यावरचा छज्जा कापला जातो. तिथे २४ मि.मी. लागते. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींसाठी, समोर रुंद रस्ता असल्यामुळे, ३५ पुरेशी आहे. पहिली एकच लेन्स घ्यायची असेल तर मी २८ सुचवेन.

कॅमेऱ्याची बॉडी कोणती, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. कॅननच्या १९९१ साली आलेल्या टीएस-ई या शिफ्ट लेन्सचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) विजेवर चालते, त्यामुळे फिल्मसाठी ती कॅननच्याच ईओएस बॉडीवर उपयोगी पडते. पीसी-निक्कोरचे अ‍ॅपर्चर हाताने फिरवायचे असल्याने ती एफएम२सारख्या यांत्रिक बॉडीवर निर्धास्त चालते. मधोमध दोन अर्धवर्तुळांची फोकसिंग स्क्रीन असेल तर लेन्स सरकवताच त्यातले एक काळे पडते, म्हणून रेषांची जाळी असलेली ई२ स्क्रीन बसवून घ्यावी. त्या जाळीवर खिडकीची चौकट ताडून पाहता येते.

माझा पहिला स्लाइड रोल मी लेन्स सरकवलेली असतानाच कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर वाचून वाया घालवला. लेन्स सरकली की प्रकाश मीटरवर तिरका पडतो आणि आकडा फसवतो. काही फ्रेम जळलेल्या, काही काळवंडलेल्या निघाल्या. आता मी आधी ट्रायपॉडवर पाणसळ लावून कॅमेरा सपाट करतो, लेन्स शून्यावर ठेवून अ‍ॅपर्चर एफ ११ पर्यंत बंद करून मीटर वाचतो आणि शटर ठरवतो, मग अ‍ॅपर्चर उघडून, लेन्स सरकवून फ्रेम जुळवतो आणि शटर दाबण्यापूर्वी लेन्सवरचे कडे फिरवून अ‍ॅपर्चर पुन्हा बंद करतो. शेवटची पायरी विसरली की फ्रेम गेलीच, म्हणून सुरुवातीला ती मोठ्याने म्हणण्याची सवय लावून घ्यावी.

सेकंड-हँड लेन्स पाहताना ती पूर्ण सरकवून कॅमेरा उभा धरावा आणि मिनिटभर थांबावे. ती आपल्या वजनाने खाली घसरत असेल तर घेऊ नये. एका विक्रेत्याने मला अशीच ढिली लेन्स ‘अगदी नवी’ म्हणून दाखवली होती. पूर्ण ११ मि.मी. शिफ्ट दिल्यावर आकाशाकडचे कोपरे काहीसे गडद आणि मऊ होतात, म्हणून जागा असेल तर मी ८ वर थांबतो. फिल्मवर शिफ्टची नोंद कुठेच राहत नाही. माझ्या खिशातल्या वहीत प्रत्येक फ्रेमसमोर अंतर, शिफ्ट आणि अ‍ॅपर्चर असे तीन आकडे असतात, आणि रोल धुऊन आला की ती वही लाइट बॉक्सशेजारी उघडून ठेवतो.