घाट उतरताना वळण कसं घ्यावं

सावित्री नदी महाबळेश्वराहून पोलादपूरला जाते ती दरीतून. आपल्याला मात्र आंबेनळी घाटातून सुमारे ४० किलोमीटर वळणं घेत उतरावं लागतं. हाच घाट डोळ्यांसमोर ठेवून सांगतो.

उतार सुरू होण्याआधीच गिअर कमी करा. हा चढ ज्या गिअरमध्ये चढला असतात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. मग इंजिनच गाडी धरून ठेवतं. ऑटोमॅटिक गाडीत 'एल' किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच दिलेला असतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणारे महाभाग अजून भेटतात. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. इंजिनच बंद केलंत तर स्टिअरिंगही जड होतं.

आता वळण. वेग कमी करायचा तो वळणाआधी, सरळ रस्त्यावर. टायरची पकड ही एकच भाकरी समजा: ब्रेकने जास्त खाल्ली की वळायला कमी उरते. म्हणून वळणात शिरल्यावर दचकून जोरात ब्रेक मारला की गाडी घसरते. आणि वेगाचा हिशेब सरळ नाही. ताशी ४० ऐवजी ६० ने तेच वळण घेतलं, तर गाडीला वळवायला सव्वादोन पट जोर लागतो. 'थोडंच तर जास्त होतं' असं नंतर म्हणतात ते यामुळेच.

वळण दिसलं की आपली बाजू सोडायची नाही. डावीकडच्या वळणावर वेग जास्त असेल तर गाडी आपोआप मधली रेषा ओलांडून समोरच्याच्या अंगावर जाते. उजवीकडच्या वळणावर उलटा मोह होतो, आतून कापून जायचा. नेमक्या त्याच वेळी पलीकडून एसटी येते. तिला आखूड वळणावर पूर्ण रस्ता लागतो, तेव्हा ती दिसली की अलीकडेच थांबा, तिला वळू द्या. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.

आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्या, रात्री डिपर द्या. बहिर्गोल आरसा लावलेला असेल तर बघा, पण त्यात गाडी असते त्याहून लांब दिसते. नजर बोनेटवर नको, वळण जिथे संपतंय तिथे हवी. हात नजरेमागून जातात. वळण अर्धं पार होऊन पुढचा रस्ता मोकळा दिसला, की हलकेच ॲक्सिलरेटर द्या. ओव्हरटेक मात्र वळणावर कधीच नाही, पुढे कितीही रेंगाळणारा ट्रक असो.

दुचाकीवाल्यांनी वळणात पुढचा ब्रेक एकदम दाबू नये.

पावसाळ्यात हे सगळं आणखी हळू. पहिल्या सरीला धूळ आणि सांडलेलं ऑइल मिळून रस्ता बुळबुळीत होतो, पुढे डोंगरातून माती आणि दगड येतात. धुक्यात हाय बीम लावलात तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. लो बीम ठेवा.

उतरता उतरता जळका वास आला किंवा ब्रेकचं पेडल खोल जायला लागलं, तर रुंद जागा बघून वळणापासून लांब थांबा. बाटलीतलं पाणी चाकावर ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होऊ शकते. अर्धा तास चहा घ्या. ब्रेक आपोआप निवतात.